अंगुळ आणि अंगठी

बोटाला दोरा गुंडाळावयाचा, त्याचीं दोन टोकें जेथें मिळतात तेथें शाईचा ठिपका द्यावयाचा, दोरा सरळ करून पट्टीवर ठेवावयाचा आणि जो आंकडा येईल तो दूरगांवच्या सराफास कळवावयाचा, ही कृति आज अनेक घरांतून होते. लग्नकार्यासाठीं अंगठी परगांवच्या किंवा परदेशच्या पेढीवरून मागवावयाची असली म्हणजे याखेरीज दुसरा सोपा उपाय नसतो. कृति इतकी साधी आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु तिच्या पोटांत दोन प्रश्न दडलेले आहेत. बोटानें जग मोजण्याची रीत हजारों वर्षांची जुनी. मग खुद्द बोट मोजण्याची गरज इतक्या उशीरां कां उत्पन्न झाली? आणि ती उत्पन्न झाल्यावर सर्वांस मान्य होईल असें बोटाचें माप ठरण्यास इतका काळ कां लागला? या प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे असें दिसून येतें कीं, माप ही गोष्ट जितकी गणिताची आहे तितकीच ती माणसामाणसांतील विश्वासाची आहे. करणारा आणि घेणारा समोरासमोर असतात तोंपर्यंत आंकड्यावांचून अडत नाहीं. ते एकमेकांपासून दूर गेले कीं आंकडा लागतो, आणि त्या आंकड्याचा अर्थ दोघांच्याहि मनांत एकच असावा लागतो.

मनुष्यास मोजण्याची गरज प्रथम भासली तेव्हां त्याच्याजवळ साधन होतें तें त्याचें शरीर. प्राचीन मिसर देशांत चार बोटांचा एक पंजा आणि सात पंजांचा एक राजहस्त मानीत. म्हणजे राजहस्तांत २८ अंगुळें होत. रोमन लोकांच्या एका पावलांत १६ अंगुळें असत. भारतांत यज्ञाच्या वेदी मांडतांना हीच रीत होती. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत अणु नांवाच्या बारीक धान्याचे १४ दाणे किंवा ३४ तीळ एकास एक लावून ठेवले म्हणजे एक अंगुळ होतें, असें सांगितलें आहे. वेदी मापाबरहुकूम उतरणें हा यज्ञविधीचाच भाग असल्यामुळें अंगुळ म्हणजे नेमकें किती, हें ठरविणें त्या काळच्या लोकांस अगत्याचें होतें.

कौटिलीय अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, तेव्हां या विषयावर पुष्कळच प्रकाश पडला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत देश आणि काल यांच्या मापांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. परमाणूपासून आरंभ करून रथाच्या चाकानें उडालेला धूलिकण, लीख, ऊ आणि जवाचा मध्य अशा आठआठ पटींच्या पायऱ्या चढत ग्रंथकार अंगुळापर्यंत येतो. पुढें १२ अंगुळांची वीत, २४ अंगुळांचा हात आणि ४ हातांचा दंड असें कोष्टक आहे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, आठ जवांचें अंगुळ एवढें सांगून कौटिल्य थांबत नाहीं; मध्यम प्रतीच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मध्यभागची रुंदी म्हणजे अंगुळ, असा दुसराहि पर्याय तो देतो. यांतील 'मध्यम' हा शब्द सहजगत्या आलेला नाहीं. माणसामाणसाचें बोट निराळें असतें हें राज्य चालविणाऱ्यास पक्कें ठाऊक होतें. म्हणून त्यानें धिप्पाड माणसाचें बोट घेतलें नाहीं आणि किरकोळ माणसाचेंहि घेतलें नाहीं.

मूर्तिकारांनीं आणि स्थपतींनीं तर ही अडचण उघडपणें मांडली. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत अंगुळाचे तीन प्रकार केलेले आढळतात. आठ जवांचें तें मानांगुळ. मूर्ति करविणाऱ्या यजमानाच्या किंवा ती घडविणाऱ्या शिल्पकाराच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचें मधलें पेर घ्यावयाचें, तें मात्रांगुळ. आणि खुद्द मूर्तीच्या उंचीचे ठराविक भाग करून त्यांतील एक भाग घ्यावयाचा, तें देहांगुळ. एकाच नांवाचीं तीन मापें एकाच वेळीं व्यवहारांत होतीं आणि कोणतें कोठें लावावयाचें हें कारागिरास शिकावें लागे. मूर्तीला देहांगुळ चाले, कारण त्या मूर्तीबाहेर त्या मापाचें कोणालाच काम नसे. शेत, कापड आणि रस्ता यांना मात्र असें माप चालण्यासारखें नव्हतें. तेथें विकणारा आणि घेणारा, सरकार आणि रयत हे दोन पक्ष उभे असत, आणि दोघांचीं बोटें निराळीं असत.

म्हणूनच अंगुळ हळूहळू बोटापासून सुटत गेलें. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतींत परिभाषा सांगतांना आठ यवोदरांचें अंगुळ, २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड आणि २००० दंडांचा कोस असें कोष्टक दिलें आहे. त्यांत कोणाच्याहि बोटाचा उल्लेख नाहीं. अकबर बादशहानें जमिनीच्या मोजणीसाठीं ४१ अंगुळांचा इलाही गज ठरविला. पण तीं अंगुळें किती लांबीचीं धरावींत यावरून पुढें इतका घोळ माजला कीं, उत्तर हिंदुस्थानांत इंग्रजी अमलांत अखेर हा गज ३३ इंचांचा समजावा असें ठरवून टाकावें लागलें. महाराष्ट्रांतील उदाहरण याहूनहि बोलकें आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत शिवाजी महाराजांच्या जमीन-मोजणीची हकीकत आहे. तींत काठीचें माप पांच हात व पांच मुठी असें सांगून लगेच, हात १४ तसूंचा असावा आणि हात व मूठ मिळून काठी ८२ तसूंची असावी, असा खुलासा केलेला आहे. हात आणि मूठ हे शब्द शरीराचे राहिले. पण तो हात कोणाचा, हा प्रश्न तसूनें मिटविला. रयतेच्या शेताचा बिघा मोजणीदाराच्या हाताच्या लांबीवर अवलंबून राहूं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे.

अशा रीतीनें बोटानें इतक्या वस्तु मोजल्या गेल्या आणि शेवटीं मापानें बोटाचीच संगत सोडली. पण बोटांत घालावयाची अंगठी मात्र या सर्व काळांत आंकड्यावांचून होत असे. याचें कारण साधें आहे. संस्कृतांत अंगठीला अंगुलीयक म्हणतात. म्हणजे बोटाची वस्तु. ती करणारा सोनार गांवचाच असे आणि ती घालणारें बोट त्याच्या समोर असे. ऐरणीवर तार ठोकावी, ती वळवून बोटांत घालून पाहावी, सैल वाटल्यास तुकडा काढावा, घट्ट वाटल्यास ठोकून वाढवावी आणि मग झाळून सांधा मिटवावा, एवढेंच तें काम. गिऱ्हाइकास चिंता असे ती निराळ्याच गोष्टीची. कौटिल्यानें सोनारांवरील देखरेखीचा जो अध्याय लिहिला आहे त्यांत तराजू खोटा ठेवणें, सोन्याच्या जागीं हलकी धातु घालणें, आंत पोकळी ठेवून वरून पत्रा चढविणें अशा नाना लबाड्यांची यादी आहे; सारा कटाक्ष वजनाकडे आणि कसाकडे आहे. पुढच्या काळांतहि आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हा हिशेब घरोघर तोंडपाठ असे. सोन्याचें वजन डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून त्याला माप लागलें. अंगठी बोटांत बसली कीं नाहीं हें ज्याचें त्याला कळत होतें, म्हणून तिला माप लागलें नाहीं.

याशिवाय आणखी एक युक्ति जुन्या लोकांनीं योजिली होती. ज्या दागिन्याचा सांधा मिटविलेलाच नाहीं तो कोणाच्याहि मापाला येतो. तारेचे दोन-तीन वळसे देऊन केलेलें वेढें दाबलें म्हणजे लहान होतें आणि ओढलें म्हणजे मोठें होतें. पायांच्या बोटांत घालावयाचीं जोडवीं बहुधा उघड्या तोंडाचीं असतात तीं याच कारणानें. लग्नांत चढविलेलीं जोडवीं वयपरत्वें बोटें जाड झालीं तरी बदलावीं लागत नाहींत. आणि धर्मकृत्यांत अनामिकेंत घालावयाचें दर्भाचें पवित्रक ही तर सर्वांत निर्दोष मापाची अंगठी म्हणावी लागेल. तें प्रत्येक वेळीं ताज्या दर्भाचें करावयाचें, ज्याच्या त्याच्या बोटाला बेतून गांठ द्यावयाची आणि कार्य आटोपलें कीं गांठ सोडून टाकावयाची. तें एकाचें दुसऱ्यास घालण्याचा प्रसंगच येत नाहीं.

एकासाठीं केलेली अंगठी दुसऱ्याच्या बोटांत गेली म्हणजे काय होतें, याचें उत्तर संस्कृत नाटककारांनीं दिलें आहे. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकाची एक महत्त्वाची आवृत्ति काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८८४ सालीं संपादिली आणि महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांस हें नाटक परिचयाचें झालें. नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य राक्षस पाटलिपुत्र सोडून जातांना आपलें कुटुंब चंदनदास नांवाच्या श्रेष्ठीच्या घरीं ठेवतो. यमाचा पट दाखवीत हिंडणारा चाणक्याचा हेर निपुणक त्या घरीं शिरतो. आंतून पांचेक वर्षांचा एक मुलगा धांवत बाहेर येऊं लागतो. दाराआड उभी असलेली एक स्त्री घाईघाईनें हात पुढें करून त्याला आंत ओढते, आणि त्या गडबडींत तिच्या बोटांतील अंगठी गळून, उंबऱ्यावरून घरंगळत हेराच्या पायाशीं येऊन थांबते. ती स्त्री राक्षसाची पत्नी आणि ती मुद्रा राक्षसाची. अंगठी गळाली कां, याचें कारण नाटककारानें हेराच्याच तोंडीं घातलें आहे: ती पुरुषाच्या बोटाच्या परिणाहाच्या, म्हणजे घेराच्या, मापानें घडविलेली होती. पुढची कथा प्रसिद्धच आहे. त्या मुद्रेनें चाणक्य एका बनावट पत्रावर शिक्का उठवितो. त्या पत्रानें मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडतो. आणि ज्याला कोणतेंहि सैन्य वांकवूं शकलें नाहीं तो अमात्य अखेर चंद्रगुप्ताचें मंत्रिपद स्वीकारतो. नवऱ्याची अंगठी बायकोच्या बोटाला सैल होती, एवढ्या लहानशा फरकावर नाटककारानें एका राज्याच्या कारस्थानाचा सांधा बसविला आहे.

कालिदासाच्या शाकुंतलांतील अंगठीचेंहि थोडेंफार असेंच आहे. महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत अंगठी नाहीं. ती कालिदासाची योजना. दुष्यंत आपल्या नांवाची मुद्रिका आश्रमांतून जातांना शकुंतलेच्या बोटांत घालतो, आणि शक्रावतारांत शचीतीर्थाच्या उदकाला वंदन करीत असतां ती तिच्या हातांतून निसटते. नाटकांत या वियोगाचें कारण दुर्वासांचा शाप हें आहे आणि रसिकास तेवढें पुरे आहे. पण ही कथा एखाद्या सोनारास सांगितली तर तो शापापर्यंत जाणारच नाहीं. राजाच्या बोटाची अंगठी आश्रमकन्येच्या बोटांत पाण्यांत टिकेल कशी, असें तो विचारील. या दोन्ही नाटकांत अंगठी ही नुसता दागिना नसून ओळखीचा पुरावा आहे, आणि म्हणूनच ती गळण्याला एवढी किंमत आहे. बोट कोणाचें आणि अंगठी कोणाची, यांत अंतर पडलें कीं पुरावाच खोटा बोलूं लागतो.

हें अंतर कथेंतून निघून रोजच्या व्यापारांत आलें तें एकोणिसाव्या शतकांत. इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं दागिन्यांचे कारखाने एकाच वस्तींत दाटीनें उभे राहिले आणि तेथून अंगठ्या डझनावारी तयार होऊन दूरदूरच्या दुकानांत जाऊं लागल्या. घडविणाऱ्या कारागिरास घालणाऱ्याचें बोट कधींच दिसत नसे. दुकानदाराजवळ वेगवेगळ्या घेरांच्या कड्यांचा एक जुडगा असे. कोणतें कडें गिऱ्हाइकाच्या बोटांत बसतें तें पाहावयाचें, आणि कारखान्यांत असलेल्या निमुळत्या काठीवरील त्याच खुणेपर्यंत अंगठी उतरवावयाची. बोटाची जागा अशा रीतीनें काठीनें घेतली. अमेरिकेंत याहूनहि पुढचें पाऊल पडलें. शिकागो येथें माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ सालीं आपलें पहिलें किंमतपत्रक काढलें; रिचर्ड सिअर्स यानें १८८८ सालीं घड्याळें व दागिने यांचें पत्रक छापलें; आणि १८९६ पासून खेडोपाडीं टपाल घरपोंच मिळूं लागलें. रानांतल्या शेतकऱ्याच्या घरीं पुस्तक येई आणि त्यावरून तो लग्नाची अंगठी मागवी. येथें दुकानदाराचाहि हात बोटाला लागत नसे. म्हणून अशा पुस्तकांतून कागदाची पट्टी बोटाभोंवतीं कशी गुंडाळावी हें सांगून ती ठेवून पाहण्यासाठीं एक छापील मोजपट्टी दिलेली असे. घरच्या घरीं बोट मोजण्याची कृति खऱ्या अर्थानें रूढ झाली ती अशी.

मात्र आंकडे सर्वत्र एक झाले नाहींत. अमेरिकेची पद्धति व्यासावर उभारलेली आहे. तेथें शून्य क्रमांकाच्या अंगठीचा आंतील व्यास ०.४५८ इंच धरतात आणि पुढें प्रत्येक क्रमांकास ०.०३२ इंच मिळवितात. इंग्लंडनें आंकड्यांऐवजीं अक्षरें घेतलीं; तेथील अधिकृत प्रमाण १९४५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या आजच्या रूपांत सी या अक्षराचा घेर ४० मिलिमीटर व पुढील प्रत्येक अक्षरास १.२५ मिलिमीटर वाढ असा नियम आहे. स्वित्झर्लंडांत घेराच्या मिलिमीटरांतून ४० वजा करून उरेल तो क्रमांक सांगतात. जपानांत १३ मिलिमीटर व्यासाला पहिला क्रमांक देऊन पुढें एकतृतीयांश मिलिमीटरानें व्यास वाढवितात. परिणाम असा कीं, अमेरिकेंतील सात क्रमांकाची अंगठी, जिचा घेर सुमारें ५४.४ मिलिमीटर असतो, ती इंग्लंडांत एन् आणि ओ या अक्षरांच्या मध्यें पडते, स्वित्झर्लंडांत चौदाच्या किंचित् पुढें जाते, आणि भारतांतील पेढीवर तिला चौदाच्या आसपासचा क्रमांक मिळतो. भारतांतल्या एखाद्या घरानें अमेरिकेंतील मुलाला नुसतें 'चौदा' असें कळविलें आणि त्यानें तेथील दुकानांत तेंच सांगितलें, तर येणारी अंगठी अंगठ्यालाहि सैल होईल.

अशी गफलत मराठी घरांस अगदींच अपरिचित नाहीं. कासाराकडे बांगड्यांचें माप 'दोन-चार', 'दोन-सहा' असें सांगतात. त्यांतील दुसरा आंकडा दशांशाचा नसून सोळांशाचा आहे. म्हणजे दोन-चारची बांगडी २.४ इंच व्यासाची नसून सव्वादोन इंचांची असते. कासारासमोर हात पुढें केला तर हें कळण्याची गरजच पडत नाहीं. तो हात दाबून पाहतो आणि बरोबर बांगडी काढतो. आंकडा कागदावर लिहून दूर पाठविला कीं मात्र तो कोणत्या भाषेंतला आहे हें सांगावें लागतें. याच उद्देशानें आंतरराष्ट्रीय प्रमाणन संघटनेनें अंगठ्यांच्या मापाचें ८६५३ क्रमांकाचें प्रमाण १९८६ सालीं प्रसिद्ध केलें आणि २०१६ सालीं तें सुधारिलें. त्यांतील तत्त्व एकाच वाक्यांत सांगण्यासारखें आहे: अंगठीचा आंतील घेर जितके मिलिमीटर, तितकें तिचें माप. विशाखदत्ताच्या हेरानें ज्या परिणाहाचा निर्देश केला, त्याच परिणाहाकडे जगाचे तज्ज्ञ शेवटीं आले.

घरीं मोजणाऱ्यास या इतिहासाचा उपयोग आहे. एखादी जुनी, नीट बसणारी अंगठी हातीं असेल तर तिचा आंतील व्यास पट्टीवर घेऊन घेर काढतां येतो. व्यासास २२ नें गुणून ७ नें भागावें, हा व्यवहारापुरता नियम लीलावतींत आहे. सूक्ष्म गणितासाठीं भास्कराचार्यांनीं ३९२७ व १२५० हे आंकडे दिले आहेत. १७ मिलिमीटर व्यासाला याप्रमाणें सुमारें ५३.४ मिलिमीटर घेर येतो. पण पट्टी वाचतांना अर्ध्या मिलिमीटराची चूक झाली तर घेर दीड मिलिमीटराहून अधिक बदलतो, म्हणजे इंग्रजी पद्धतींतील एका अक्षराहून जास्त फरक पडतो. उलट बोटाचा घेरच सरळ मोजला तर तेवढीच चूक तेवढीच राहते, वाढत नाहीं. म्हणून बोट समोर असेल तर घेर मोजणें अधिक निर्धोक. दोरा मात्र ओढला कीं ताणला जातो. त्यापेक्षां कागदाची अरुंद, न ताणणारी पट्टी बरी. ती सांध्यावरून सरकून खालीं येईल इतकी सैल आणि हात झटकला तरी निघणार नाहीं इतकी घट्ट असावी. रुंद पट्टीची अंगठी करावयाची असल्यास कागदहि तितकाच रुंद घ्यावा, कारण रुंद अंगठीला अधिक जागा लागते.

इतकें करूनहि एक गोष्ट उरते, आणि ती कोणत्याहि प्रमाणानें सुटणारी नाहीं. बोट दिवसभर एकाच आकाराचें राहत नाहीं. थंडींत तें आक्रसतें, उन्हाळ्यांत आणि श्रमानंतर फुगतें. गरोदरपणांत हातपाय सुजतात. ज्या हातानें माणूस अधिक काम करतो त्या हाताचीं बोटें बहुधा किंचित् जाड असतात. आणि वयाबरोबर सांधे वाढतात. म्हणून एकाच वेळीं मोजून भागत नाहीं. सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं असें दोन-तीन दिवस मोजून मधला आंकडा धरावा हें उत्तम. सैल अंगठी हरवते, तें नुकसान सोन्याचें आणि आठवणीचें. घट्ट अंगठीचा धोका निराळा आहे. हाताला दुखापत होऊन सूज चढूं लागली कीं ती बोटाचा रक्तपुरवठा अडवूं शकते. मग डॉक्टरास ती लहानशा करवतीनें कापून काढावी लागते. कारणासाठींच हाताला मार लागतांच सूज येण्यापूर्वीं अंगठी उतरवावी, असें सांगतात. आईची किंवा आजीची अंगठी मुलीस द्यावयाची असेल तेव्हां ती हौसेनें तशीच चढविण्यापूर्वीं सराफाकडून मापाची करून घेणें हें शहाणपणाचें.

कौटिल्यानें अंगुळाची व्याख्या करतांना 'मध्यम पुरुष' शोधला. घरीं कागदाची पट्टी घेऊन बसणाऱ्या माणसास स्वतःच्याच बोटाची 'मध्यम वेळ' शोधावी लागते. अडचण एकच आहे. शरीर हलतें, बदलतें, आणि माप तर स्थिर हवें असतें. जुन्या सोनाराला ही तडजोड बोलावी लागत नव्हती, कारण अंगठी सैल झाली तर गिऱ्हाईक पुन्हां त्याच्याच ओट्यावर येई. तो सोनार आज बहुतेकांच्या दारीं राहिलेला नाहीं आणि घरांतील माणसेंहि निरनिराळ्या देशांत विखुरलीं आहेत. अशा वेळीं त्याचें काम आंकड्यानें करावयाचें असेल तर आंकडा पुरा लिहिला पाहिजे. कोणत्या हाताचें कोणतें बोट, आंतील घेर किती मिलिमीटर आणि अंगठी किती रुंद, एवढ्या तीन गोष्टी पत्रांत स्वच्छ लिहिल्या म्हणजे हजार कोसांवरच्या अनोळखी कारागिराच्या हातून उतरलेली अंगठीहि ज्याच्या त्याच्या बोटांत नीट बसते.